भूल दिल्यावर पाय कुठे जातात

रस्त्यात मला कुणी पेशंट ओळख देत नाही. कोथरूडच्या भाजीबाजारात आमचे हाडांचे सर्जन गवार निवडत उभे राहिले, तर येणारे-जाणारे थांबून नमस्कार करतात, कुणी तिथल्या तिथे गुडघा वाकवून दाखवतं, भाजीवाली कोथिंबिरीची जुडी वर टाकते. शेजारी मी उभी असते. त्या नमस्कार करणाऱ्यांचा श्वास ऑपरेशनभर मी सांभाळलेला असतो, पण त्यांच्या लेखी मी कोण? "मावशी, जरा सरका" म्हणतात. या गोष्टीचा मला पूर्वी राग यायचा, आता येत नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू? अजून येतो.

मी भूलतज्ज्ञ. भूल देणारी डॉक्टर. "म्हणजे पूर्ण डॉक्टर का?" असं मला एका गृहस्थांनी ऑपरेशनच्या टेबलावर आडवं पडल्यावर विचारलं होतं. तोवर त्यांच्या शिरेत सुई गेलेली होती, तीही मीच घातलेली. मी म्हटलं, "अर्धी. उरलेली अर्धी तुम्ही झोपल्यावर येते." ते हसले नाहीत. नागपूरला माझी आई इस्पितळात आया होती. मुलगी डॉक्टर झाली हे तिने आमच्या वस्तीत, विहारात, किराणा दुकानात, सगळीकडे सांगून ठेवलं होतं. पण तीसुद्धा शेवटपर्यंत विचारायची, "भूल देते म्हंजे काय करते वं तू? मंग कापते कोन?" कापतो दुसरा, असं सांगितलं की तिचा चेहरा थोडा उतरायचा.

आता बाहेरच्या माणसाला कळेल असं सांगते. भुलेचे मुख्य दोन प्रकार. एकात माणसाला पूर्ण झोपवतात. त्याचं श्वास घेणं मग आमच्याकडे असतं. झोपवणं तसं सोपं आहे हो, औषध कुणीही टोचेल. ऑपरेशन संपता संपता त्याला सुखरूप परत आणणं, ही खरी कामगिरी. दुसऱ्या प्रकारात पाठीच्या मणक्यांमधून बारीक सुईने औषध देतात आणि कमरेखालचा भाग बधिर होतो. पेशंट जागा असतो, बोलतो, पण पोटाखाली काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. मध्ये हिरव्या कापडाचा पडदा. पडद्याच्या पलीकडे सर्जन आणि त्यांची हातोडी, अलीकडे पेशंटचं डोकं आणि मी. नोकरीतला माझा सगळा काळ माणसांच्या उशाशी गेला. माणसाचा चेहरा उलटा बघायची सवय इतकी झाली, की समोरासमोर भेटल्यावर मीही पेशंटना ओळखत नाही. तेव्हा हिशेब बरोबरीचाच झाला म्हणायचा.

निवृत्त झाल्यावर मी वारज्याच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत सुखाने बसले होते. तर शेवटची काही वर्षं मी ज्या हॉस्पिटलमध्ये होते, तिथून तन्वीचा फोन आला. तन्वी म्हणजे तिथली रुग्णसेवा बघणारी मॅनेजर. हुशार मुलगी, पण तिचं मराठी ऐकताना मला दर दोन शब्दांनी जिना चढल्यासारखं होतं. "मॅडम, ॲक्चुअली आपल्याला ना ॲनेस्थेशियाचं पेशंट सॅटिस्फॅक्शन मेजर करायचंय. सर्जरीच्या नेक्स्ट डेला तुम्ही फक्त पेशंटला भेटायचं. पाच चेहरे असतात, एकदम हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. पेशंट बोट ठेवेल. दॅट्स इट."

मी म्हटलं, "अगं, पण जो माणूस झोपलेला होता, त्याला झोपेत कसं वाटलं हे कसं विचारायचं?"

"हो ना मॅडम, म्हणून तर एक्सपीरियन्स्ड पर्सन हवी."

याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, अजूनही कळलेला नाही. पण गेले.

आणि काय सांगू, डोकं चक्रावून गेलं! एका आजोबांनी सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. का, तर सकाळचा उपमा मऊ होता. मी म्हटलं, "आजोबा, भुलेबद्दल विचारतेय." ते म्हणाले, "भूक लागली होतीच हो." ऐकायला कमी येत असेल म्हणून मी मोठ्याने पुन्हा विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "ओरडू नका, ऐकू येतं. भुलेचं मला काय माहीत? मला उपमा माहीत आहे." एका प्राध्यापकांनी मधला चेहरा दाखवला, ना हसरा ना रडका. कारण विचारलं तर म्हणाले, "झोप उत्तम. पण मागच्या ऑपरेशनला स्वप्न पडलं होतं. या वेळी पडलं नाही. दर मात्र वाढलेत." एक बाई होत्या, त्यांची गळ्याची गाठ काढताना आतल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांची श्वासनळी वाकडी होती, नळी घालताना माझ्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टरला घाम फुटला होता. त्या बाईंनी रडका चेहरा दाखवला, कारण घसा दुखत होता. आणि ज्याच्या बाबतीत काहीच घडलं नाही, सरळ झोपला आणि सरळ उठला, त्याने हात जोडून मला देवी म्हटलं.

म्हणजे उत्तम काम झालेलं असेल तर घसा दुखतो म्हणून नापास, आणि काहीच करावं लागलं नसेल तर देवी. मग या चेहऱ्यांवरून तन्वी मोजते तरी काय? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, ओव्हरऑल ट्रेंड बघायचा असतो." मी मान हलवली. मान हलवण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

अशात मला भेटल्या कुमुदताई.

कुमुदताईंचं कोथरूडमध्ये पोळी-भाजी केंद्र. बोलण्यात साखरेचा कण नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, भाजी तिखट आहे का?" तर, "भाजी आहे. तिखट तुमची जीभ असेल." दिवसभर शेगडीपुढे उभं राहून दोन्ही गुडघे गेलेले. दोन्ही बदलायचं ठरलं, पण एका वेळी एक. पहिला उजवा झाला. मणक्यातून भूल दिली होती, म्हणजे त्या पूर्ण वेळ जाग्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी चेहऱ्यांचा कागद घेऊन गेले.

"सगळं छान होतं," कुमुदताई म्हणाल्या, आणि बघितलं न बघितल्यासारखं करून सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"सुई टोचताना दुखलं?"

"छे."

"थंडी वाजली? आत सगळे कुडकुडतात."

"नाही. छानच होतं. सगळेच छान वागले."

कॉटशेजारी त्यांची सून पल्लवी मोसंबी सोलत बसली होती. तिने सासूकडे असं बघितलं, जणू कॉटवर भलतंच कुणीतरी आणून झोपवलंय. बाहेर जाताना माझ्या मागे आली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टर, आमच्या आईंना लग्नाच्या पंगतीत पाणीसुद्धा पसंत पडत नाही. काहीतरी गडबड आहे हो."

मी हसण्यावारी नेलं. पण पुण्यात पाचपैकी पाच मिळाले की माणसाने सावध व्हायला हवं, हे मला इतक्या वर्षांनी तरी कळायला हवं होतं.

उजवा गुडघा बघता बघता बरा झाला. डाव्याची तारीख ठरली आणि कुमुदताईंनी सांगून टाकलं, "मला नाही करायचं." का? "असंच." दुखलं का? "नाही." डॉक्टर आवडले नाहीत का? "देवमाणूस आहेत." मग? "नाही म्हणजे नाही." सर्जन माझ्यापाशी येऊन कपाळाला हात लावून बसले. डावा पाय तसाच राहिला तर सगळा भार नव्या गुडघ्यावर येणार, तोही बिघडणार. पुढच्या वर्षी बाई घरातल्या घरात काठीवर येतील आणि केंद्राला कुलूप लागेल. हे त्यांना सांगून झालं होतं. चित्र काढूनही दाखवलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. सर्जन मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या कागदावर तर ती बाई पूर्ण समाधानी आहे. समाधानी माणूस पळून का जातो?"

मला काय ठाऊक! मी त्यांच्याइतकीच गोंधळले होते. पण पल्लवीचा फोन आला, "तुम्ही एकदा घरी याल का? आई रात्री झोपत नाहीत, आणि कुणाशी बोलत नाहीत." मग मी स्कूटी काढली.

दुपारची वेळ, केंद्र बंद. कुमुदताईंनी चहा केला, मला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसल्या. हवापाणी झालं. मेट्रोच्या खड्ड्यांना शिव्या घालून झाल्या. ऑपरेशनचा विषय काढला की, "सगळं छान होतं हो."

शेवटी माझा संयम सुटला. मी म्हटलं, "कुमुदताई, मी आयुष्यभर त्या खोलीत वावरले. तिथे छान काहीही नसतं. थंडी असते, फिनेलसारखा वास असतो, हातोडीचे ठोके ऐकू येतात, आणि आमचे सर्जन गाणी लावतात ती ऐकवत नाहीत. तुम्ही पोळीची कड जरा कच्ची राहिली तर बाईला परत लाटायला लावता. तुम्हाला तिथे नाव ठेवायला काहीच सापडलं नाही? माझ्याशी ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

त्या आतल्या खोलीकडे बघून म्हणाल्या, "पल्लवी, खाली जाऊन कढीपत्ता आण गं." घरात कढीपत्ता होता, ओट्यावर मला दिसत होता. पल्लवीलाही दिसला असणार. ती पिशवी घेऊन गेली. दार लागल्यावर कुमुदताई माझ्याजवळ सरकल्या.

"डॉक्टर, खरं सांगाल? मला वेड लागतंय का?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मला बसवून पाठीत सुई दिली," त्या म्हणाल्या. "पाय खाली स्टुलावर होते, असे, आत्ता आहेत तसे. पाय गरम गरम झाले. मग मला आडवं केलं. आणि डॉक्टर, माझे पाय वर गेले! दोन्ही. गुडघ्यात दुमडून हवेत, छताकडे. कुणी धरलेले नाहीत, तसेच अधांतरी. मला पक्कं कळत होतं की माझे पाय वर आहेत. आणि मी मान उचलून बघितलं, तर समोर टेबलावर दोन पाय सरळ पसरलेले. मग तिथल्या एका माणसाने त्यातला एक उचलला, ती मेली तंगडी वर धरली आणि लाल औषधाने धुवायला लागला. मला कळेना, ही तंगडी कुणाची? माझे दोन तर वर आहेत. मग हे दोन कुणाचे आणून ठेवले? चार पाय झाले हो! मी डोळे मिटून घेतले. शेवटपर्यंत उघडले नाहीत. तुम्ही दुसऱ्या दिवशी विचारायला आलात. काय सांगू? सगळं छान होतं म्हणाले. आणखी काही बोलले असते तर तुम्ही विचारत बसला असता, आणि मग कुठल्या तरी वेड्यांच्या डॉक्टरला बोलावलं असतं."

मला हसू आलं. आवरायला हवं होतं, पण सुटकेचं हसू होतं ते, आलंच. मी म्हटलं, "अहो, हे तर होतं! कितीतरी जणांना होतं!" आणि समजावून सांगितलं. औषध चढत असताना पाय ज्या स्थितीत असतात, ती मेंदूला मिळालेली शेवटची खबर. त्यानंतर पायांकडून निरोप येणं बंद. मेंदू बिचारा शेवटचा निरोप धरून बसतो. तुम्ही बसलेल्या होतात, मांड्या पुढे, गुडघे वाकलेले. तसंच्या तसं तुम्हाला उताणं झोपवलं तर पाय कुठे जातील? हवेत. मेंदूच्या लेखी ते तिथेच राहिले. औषध उतरलं की निरोप सुरू होतात आणि पाय खाली येतात. याला वेड म्हणत नाहीत. यात काही बिघडतही नाही.

मला वाटलं, आता बाई हुश्श करतील. कुमुदताईंचा चेहरा लाल झाला.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आधीपासून?"

"हो, म्हणजे पुस्तकातही आहे."

"मग मला आधी सांगायला तुमचं काय जात होतं?" त्या केंद्रावर गिऱ्हाइकाला झापतात तशा आवाजात कडाडल्या. "उलटी होईल सांगितलंत. डोकं दुखेल सांगितलंत. लघवी अडेल तेही सांगितलंत. आणि पाय उडून जातील हे नाही सांगावंसं वाटलं?"

मी म्हटलं, "त्याने काही अपाय होत नाही ना, म्हणून सांगत नाही कुणी."

"अपाय होत नाही," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"डॉक्टर, मग आमची अक्का?"

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, कसबा पेठेत असते. कुमुदताई थांबत थांबत सांगत गेल्या. पुष्कळ वर्षांपूर्वी अक्काची गर्भपिशवी काढली होती. तेव्हाही भूल पाठीतूनच दिली होती. ऑपरेशन झालं, वॉर्डात आणलं, आणि अक्का म्हणायला लागली, माझे पाय खाली ठेवा. पाय खालीच होते, पांघरूण घातलेलं होतं. घरच्यांनी दाखवलं, तरी तेच. आधी विनवण्या करत होती, मग रडली, मग ओरडायला लागली की मला असं उघडं टांगून काय ठेवलंय, लाज कशी वाटत नाही तुम्हाला. वॉर्डातली माणसं गोळा झाली. तिच्या नवऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी तिचे हात बांधून झोपेचं इंजेक्शन दिलं.

"सकाळी उठली तेव्हा ठीक होती," कुमुदताई म्हणाल्या. "पण ती ठीक होती हे कुणी बघितलंच नाही. घरात एकच, अक्काचं डोकं जरा असंच आहे. तिच्या हातचे व्यवहार काढून घेतले. मुलीचं स्थळ ठरवताना तिला विचारलं नाही. लग्नात पाहुण्यांसमोर काही बोलू नये म्हणून मागच्या खोलीत बसवली. ती काही सांगायला लागली की सगळे म्हणायचे, हो हो अक्का. मीसुद्धा म्हणायचे. मग हळूहळू ती खरंच थोडी तशी झाली. एकच गोष्ट दहादा विचारते. कुणी नसताना बोलते. मला वाटलं, रक्तातच आहे. आता माझी पाळी आली."

मग त्यांनी विचारलं, "तिलाही तुमच्या त्या निरोपाचंच झालं होतं का? म्हणजे ती शहाणी होती का?"

मी डॉक्टर आहे, मला उत्तर देता यायला हवं होतं. पण खरंच सांगते, मला कळेना. त्या रात्रीपुरतं म्हणाल तर, शक्यता मोठी आहे. कुमुदताईंनी सांगितलं त्यावरून पायांचं तसंच झालं असावं. पण पुढचं? माणसाला तू वेडा आहेस असं वर्षानुवर्षं ऐकवलं तर तो तसा होतो का? की तिच्यात काही मुळातच उगवत होतं आणि ऑपरेशन फक्त निमित्त झालं? कुठल्या तपासणीत हे आता दिसणार? मी म्हटलं, "पाय वर असल्याचं तिला खरंच जाणवत असणार. एवढं मी छातीठोकपणे सांगते. बाकीचं मला माहीत नाही."

"एवढं पुरे," कुमुदताई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

पल्लवी कढीपत्ता घेऊन आली. कुमुदताईंनी तिच्यासमोरच मला सांगितलं, "डावा गुडघा करायचा. तारीख घ्या. पण आधी मला कसब्यात जायचंय, आणि तुम्ही बरोबर यायचं. मी सांगितलं तर कुणी ऐकणार नाही. डॉक्टरीण सांगतेय म्हटल्यावर ऐकतील."

घरी जाताना मला काय वाटत होतं ते नीट सांगता येणार नाही. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकीही कितीतरी जण "मॅडम, माझा पाय वाकडा राहिलाय" म्हणाले असतील. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले असेन, "हो हो आजी, सरळच आहे, झोपा." प्रेमानेच म्हणाले असेन. त्यांतल्या कुणाच्या घरी पुढे काय झालं, हे मला कधीच कळणार नाही. वॉर्डातून माणूस घरी गेला की आमचा संबंध संपतो.

रविवारी आम्ही दोघी गेलो. गणपतीच्या देवळापाशी रिक्षा सोडावी लागली, पुढे गल्लीत रिक्षावाला यायला तयार होईना. कुमुदताई एका नव्या आणि एका मोडक्या गुडघ्यावर, हातात काठी, तांब्याच्या भांड्यांच्या दुकानांपुढून चालत होत्या. दर थोड्या वेळाने थांबायच्या, रस्त्याला नावं ठेवायच्या, परत निघायच्या. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "धरू नका, लोकांना वाटेल मी म्हातारी आहे."

अक्का बाहेरच्या खोलीत लाकडी खुर्चीवर बसली होती. बारीक, गोरी, केस नीट विंचरलेले. पुढ्यात पेपर, त्यावर पावट्याच्या शेंगा. आत तिचा मुलगा आणि सून, टीव्ही चालू. मुलगा बाहेर आला, "या मावशी" म्हणाला, माझ्याकडे बघून गोंधळला. कुमुदताईंनी त्याला सांगितलं, "बस इथे. आणि तो टीव्ही बंद कर." त्याने केला. सून दारात येऊन उभी राहिली.

कुमुदताई बहिणीसमोर बसल्या. "अक्का, या भूल देणाऱ्या डॉक्टर आहेत. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी तुझे पाय वर होते ना, तसे माझेही गेले होते. या म्हणतात, होतं तसं. तू खरं बोलत होतीस."

मी मुलाकडे बघून सगळं पुन्हा सांगितलं. स्टूल, सुई, शेवटचा निरोप. त्याची नजर खाली गेली. तो एवढंच म्हणाला, "मी तेव्हा शाळेत होतो हो." सुनेने विचारलं, "म्हणजे आईंना काही झालंच नव्हतं?" मी म्हटलं, "त्या रात्री तरी नव्हतं, असं मला वाटतं." चुकल्याचं कबूल करायचं तर कुणी करायचं? ज्याने करायला हवं होतं तो अक्काचा नवरा कधीच गेला.

अक्का शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. आम्ही काय सांगितलं ते तिला कळलं की नाही, तेही मला कळेना. हाताची गती तेवढीच. मग ती म्हणाली, "गॅस चालू राहिलाय. वास येतोय."

वास नव्हता. मी मुद्दाम श्वास घेऊन बघितला. मुलगा सवयीने म्हणाला, "नाही गं आई, बंद आहे." सून जागची हलली नाही.

कुमुदताई उठल्या. काठी खुर्चीला टेकवलेली होती, ती घ्यायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. एक हात भिंतीला, एक हात डाव्या गुडघ्यावर, दात आवळून त्या उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेल्या. आतून बटणं एकेक करून फिरवून बघितल्याचा आवाज आला. मग सिलिंडरपाशी वाकल्या असाव्यात, कारण कळ आल्यासारखं त्या मोठ्याने "आई गं" म्हणाल्या. तशाच परत आल्या, घामाघूम होऊन बहिणीसमोर बसल्या.

"बंद आहे अक्का. सगळी बटणं बघितली. सिलिंडरही बघितला."

अक्काचे हात पहिल्यांदाच थांबले.

"तू बघायला गेलीस?"

"गेले."

"एवढ्या दुखऱ्या पायाने?"

"हो गं."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पेपर उचलून आपल्या आणि कुमुदताईंच्या मध्ये सरकवला आणि अर्ध्या शेंगा कुमुदताईंच्या पुढ्यात ढकलल्या.

"बस मग," ती म्हणाली. "मला तुला खूप काही सांगायचंय."